पोटातले पोटभाडेकरू

"गोड खाऊ नकोस, जंत होतील!" ही ताकीद लहानपणी ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. दिवाळीत करंज्यांच्या डब्याकडे वळलेले कितीतरी चिमुकले हात या एका वाक्याने मागे घेतले आहेत. वाक्यामागचा हेतू उत्तम. शास्त्र मात्र चुकीचे. जंत साखरेतून जन्माला येत नाहीत. ते बाहेरून येतात. मातीत पडलेली त्यांची अंडी न धुतलेल्या हातांवरून, न धुतलेल्या कच्च्या भाजीवरून पोटात जातात आणि तिथे बिऱ्हाड थाटतात. शहरातल्या मंडळींना पोटभाडेकरू हा प्राणी परिचयाचा आहेच. पण तो शब्द अक्षरशः लागू पडावा असा जंताशिवाय दुसरा कोण आहे?

आता प्रश्न असा, की अशा वेळी घरमालक काय करतो? आपले शरीर हातावर हात ठेवून स्वस्थ बसते काय? मी मराठीचा प्राध्यापक. पण ही हकीकत वाचू लागलो तेव्हा एखाद्या ऐतिहासिक कादंबरीपेक्षा ती मला कमी रंजक वाटली नाही.

मुंगीपुढे आगगाडी

१८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना या गावी मेचनिकॉफ नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिलाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला! शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूला घेरून गिळून टाकणाऱ्या पेशी असतात, हा सिद्धांत त्यातून पुढे आला.

जिवाणूंच्या बाबतीत हा उपाय ठीक आहे. रक्तातील पांढऱ्या पेशीच्या मानाने जिवाणू म्हणजे एक घास. पण जंताचे काय? ही पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी, आणि पूर्ण वाढलेला गोल जंत वीस ते पस्तीस सेंटिमीटर लांब. मुंगीने आगगाडी गिळायला निघावे तसाच हा प्रकार! तेव्हा जंतासाठी शरीराने निराळी फौज आणि निराळी युद्धनीती सिद्ध केली आहे.

उषेच्या रंगाची पेशी

या फौजेतील पहिला शिपाई १८७९ मध्ये पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाला दिसला. रक्ताच्या काचपट्टीवर 'इओसिन' नावाचा रंग चढवला असता काही पांढऱ्या पेशींतील कण लालभडक होतात, असे त्याला आढळले. त्या पेशींना त्याने 'इओसिनोफिल' म्हटले. भाषेच्या विद्यार्थ्याला इथे थांबावेच लागते. 'इओस' ही ग्रीकांची प्रभातदेवता. तिचे नाव आणि आपल्या वेदांतील 'उषस्' एकाच मुळाचे आहेत. म्हणजे ही उषेच्या रंगाची पेशी! निरोगी माणसाच्या शंभर पांढऱ्या पेशींत या अवघ्या एक ते चार असतात. जंतांची अळी शरीरात भटकू लागली की त्यांची संख्या वाढते. रक्ताचा अहवाल पाहताना डॉक्टर या आकड्यावर नजर टाकतात त्याचे एक कारण हेच.

आणि ही अळी खरोखरच भटकते. अंड्यातून बाहेर पडली की आतड्याची भिंत भेदून ती रक्तावाटे यकृतात जाते, तिथून फुप्फुसात, मग घशापर्यंत चढते आणि गिळली जाऊन पुन्हा आतड्यात येते. या प्रवासात उषारंगी पेशी तिच्या अंगाला चिकटतात आणि आपल्या कणांतील विष तिच्यावर ओततात. गिळता येत नाही, तर भाजून काढायचे!

दुसरा शिपाई 'मास्ट' पेशी. हे नावही एर्लिखचेच, १८७८ सालचे. कणांनी गच्च भरलेली ही पेशी त्याला खाऊन गुबगुबीत झालेली वाटली. तिच्या अंगावर 'आयजीई' नावाची प्रतिद्रव्ये बसलेली असतात. इशिझाका या जपानी पतिपत्नींनी ती १९६६ मध्ये अमेरिकेत शोधली. त्याच सुमारास स्वीडनमधील शास्त्रज्ञांनाही ती गवसली. जंताच्या अंगातील द्रव्य या प्रतिद्रव्यांना भिडले की दारूगोळ्याला वात लागावी तशी पेशी फुटून हिस्टामिन बाहेर पडते. घर झाडताना धुळीने आपल्याला शिंकांवर शिंका येतात, त्याच्या मुळाशी बहुधा हीच सामग्री असते. शस्त्र जंतासाठी घडवलेले. चालवले जाते धुळीवर!

आतड्यातले सडासंमार्जन

पण जंत आत आला ही वर्दी देतो कोण? याचा उलगडा अलीकडचा आहे. आतड्याच्या अस्तरात मधूनमधून डोक्यावर तुरा असलेल्या पेशी असतात. १९५६ पासून त्या सूक्ष्मदर्शकाला ठाऊक होत्या, पण त्यांचे काम काय ते कळत नव्हते. २०१६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून तीन शास्त्रज्ञगटांनी दाखवून दिले, की या तुरेवाल्या पेशीच पहारेकरी आहेत. जिभेवर चव ओळखणारी जी यंत्रणा असते तिच्यासारखीच यंत्रणा त्यांच्यापाशी आहे. आगंतुकाची 'चव' लागली की त्या एक रासायनिक निरोप धाडतात. त्याने दुसऱ्या पेशी जाग्या होतात आणि त्या आणखी एक निरोप देतात. त्यासरशी बुळबुळीत स्राव करणाऱ्या पेशींची संख्या वाढते, आतड्यात पाणी झरते, त्याचे स्नायू जोराने आवळतात आणि अस्तर भराभर नवे होऊ लागते. पाय रोवायला जागाच उरू नये, अशी ही योजना. आपल्या भाषेत याला सडासंमार्जन म्हणावे! जंत मेलाच पाहिजे असा शरीराचा हट्ट नाही; तो घराबाहेर गेला म्हणजे झाले.

तह होतो, पण कुणाच्या खर्चाने?

परंतु भाडेकरूही बिलंदर असतो. रक्तवाहिन्यांत राहणारा शिस्टोसोमा हा कृमी यजमानाच्याच रक्तातील द्रव्ये अंगावर पांघरून घरच्यासारखा वावरतो. हा कृमी बहुतांशी आफ्रिकेतला. पण १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावी त्याची लागण उघडकीस आणली होती. दुसरे कित्येक कृमी अशी द्रव्ये सोडतात, की आपल्या फौजेला आवरणाऱ्या 'नियामक टी' पेशी पुढे सरसावतात. याच पेशींच्या संशोधनासाठी २०२५ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्यांचे आवरणे निव्वळ दुबळेपणाचे नव्हे. भाडेकरूला हुसकावण्याच्या भरात घरच पेटवून कसे चालेल? हत्तीरोगात काही अंशी तेच घडते. कृमी मेल्यावर उसळणारा दाह आणि पुन्हा पुन्हा होणारा जिवाणूंचा संसर्ग यांनी लसिकावाहिन्या निकामी होतात व पाय कायमचा सुजतो.

म्हणून शरीर बहुधा तह करते. पण त्या तहाची खंडणी भरतात मुले. अंकुशकृमी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्याला डसून रोज थोडे थोडे रक्त पितो. गोल जंत अन्नात वाटेकरी होतो. मूल फिकटते, त्याची वाढ खुंटते, वर्गात त्याचे लक्ष लागत नाही, आणि आपण त्याला आळशी म्हणतो! शिवाय गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, तसे इथे नाही. जंत पुन्हा पुन्हा होतात, आणि माणसाच्या जंतांवर अजून लस निघालेली नाही.

याचसाठी २०१५ पासून आपल्या देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना शाळांतून व अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. "आमच्या मुलाला कशाला हवी?" असे म्हणून ती नाकारणारे सुशिक्षित पालक असतात. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की जंताची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते, आणि मातीला कुणाची इयत्ता किंवा पगार कळत नाही. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलांना ती गोळी मिळाली की नाही, पायांत चपला आहेत की नाहीत, याची चौकशीही आपणच करायला हवी.

गोळी मात्र घर रिकामे करते. दाराला कुलूप घालत नाही. ते कुलूप म्हणजे साबणाने धुतलेले हात, पायांतल्या चपला आणि शौचालय. त्याने काय साधते हे नारूने दाखवून दिले आहे. नारूवर मारक औषध नव्हते, लस नव्हती, आणि एकदा होऊन गेल्याने प्रतिकारशक्तीही येत नसे. तरीही पिण्याचे पाणी फडक्याने गाळून, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून आणि गावोगाव रोगी हुडकून त्याला हटवण्यात आले. भारतातील शेवटचा रोगी १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचा दाखला दिला. जे काम शरीरातील कोणत्याच फौजेला जमले नव्हते, ते माणसांनी गाळण्याच्या फडक्याने केले.