भातखाचरांतील मेंढ्यांचा वाडा

पेण व रोहा तालुक्यांत भाताची कापणी आटोपली म्हणजे घाट उतरून धनगरांचे वाडे येतात. पुष्कळ शेतकरी मोकळ्या खाचरांत रात्रीं मेंढ्या बसवून घेतात. लेंडी व मूत्र जागच्या जागीं मुरतें आणि खताची वाहतूक वांचते. तीं मेंढरें पाहून आपणही दहा-वीस पाळावीं, असें कित्येकांच्या मनांत येतें. आमचा सल्ला नाहीं असाच आहे. दख्खनी मेंढी कोरड्या हवेची. आपल्या पावसाळी चिखलांत तिचे खूर सडतात. धनगरही पावसापूर्वींच घाट चढून परततात.

खरी तंट्याची जागा वाल. भातानंतरच्या ओलीवर पेरलेला वाल आणि शेजारीं भुकेला कळप! वाल कोणत्या खाचरांत व मेंढ्या कोणत्यांत, हें गांवानें वाडा येण्यापूर्वींच ठरवावें.

मेंढी सुमारें ५ महिने गाभण असते. कांहीं मुक्कामांतच वितात. अशा वेळीं वाडा रोज हलविण्याचा आग्रह आम्हांस गैर वाटतो. कोंकरास पहिल्या तासाभरांत चीक व रात्रीं दंवापासून आडोसा हवा. झोडणी संपलेलें खळें त्यास पुरतें, व शेतकऱ्याचें त्यांत कांहीं जात नाहीं. कोंकरें चालूं लागलीं कीं वाडा पुढच्या खाचरांत सरकतो.