मामा, सोडू का?

झाडावर चढणाऱ्याला लोक विचारतात, पडायची भीती वाटत नाही का? वरच्याला कमरेला दोर असतो, पायाखाली फांदी असते, आणि काय कापतोय ते त्याला दिसत असतं. मला काळजी खालच्याची. चिंचेचा जाड फाटा बांधलेला आहे, त्या दोराचं टोक खाली उभ्या मामांच्या हातात आहे, वर कटर घुमतंय, आणि वरचा पोरगा ओरडतो, "मामा, सोडू का?" मामा काहीतरी म्हणतात. ते "सोड" होतं की "थोडं थांब", हे वर नीट पोचत नाही. अपघात बहुतेक याच अर्ध्या शब्दात होतो.

वडगाव रासाईत आमची झाडकामाची लहानशी टोळी आहे. भीमेच्या काठचा हा ऊसपट्टा, पलीकडे दौंड तालुका. इथं काम म्हणजे विहिरीवर कललेली बाभूळ, पत्र्याच्या शेडवर आलेला लिंब, तारांत घुसलेल्या फांद्या. मे महिन्यात फोन वाजायचा थांबत नाही, कारण पहिल्या वळवानं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. (अख्खं झाड तोडायचं तर १९६४चा वृक्षतोडीचा कायदा आहे आणि चिंच त्याच्या यादीत आहे, पण तो विषय निराळा.)

पेट्रोलवर चालणारं कटर कानाजवळ साधारण १०० ते ११० डेसिबल आवाज करतं. नायॉश ही अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्याची सरकारी संस्था. तिचा हिशेब असा, की ८५ डेसिबल आठ तास चालतील, पण पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. म्हणजे ८८ला चार तास, ९१ला दोन, आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. ११०ला तर दीड मिनिटसुद्धा नाही. आमच्या धंद्यातली जुनी माणसं चहाच्या टपरीवरही ओरडून का बोलतात, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

मग कानावर मफ घाला, असं कोणीही सांगेल. घातले. मशीनचा आवाज कमी झाला आणि मामांची हाकही गेली. म्हणून पोरं एका कानावरचा मफ वर सरकवून काम करतात. मी त्यांना आळशी म्हणणार नाही. खाली माणूस उभा असताना त्याचं ऐकू येत नसेल, तर तुम्हीही तेच कराल. हाताच्या खुणा आहेत, शिट्टी आहे; पण पाल्यानं भरलेल्या चिंचेत हात दिसत नाही, आणि शिट्टीला "जरा डावीकडं घे" म्हणता येत नाही.

हेल्मेटमधल्या बोलण्याच्या संचाची कल्पना मला भाच्यामुळं सुचली. तो मोटारसायकलवर लेहला जाऊन आला. सगळ्यांच्या हेल्मेटमध्ये इंटरकॉम, घाटात एकमेकांना वळणं सांगत गेले. सेना, कार्डो ही कंपन्यांची नावं मी त्याच्याकडूनच पहिल्यांदा ऐकली. परदेशात झाडकाम करणाऱ्यांसाठी हेच तंत्र कामाच्या हेल्मेटमध्ये आलंय. फानर कंपनीच्या प्रोटोस हेल्मेटला सेनाचा संच कानाच्या मफमध्येच बसतो. आम्ही भाच्याचे संच मागून आणले, स्पीकर मफच्या आत बसवले आणि माइक ओठांपाशी आणला.

माइक ओठांपाशी हवा, यातच निम्मी करामत आहे. या माइकला पुढून आणि मागून अशी दोन तोंडं असतात. लांबचा आवाज दोन्हीकडून जवळपास सारखाच शिरतो आणि एकमेकांना मारतो; ओठांचा आवाज पुढूनच जोरात येतो, तो उरतो. तरी कटर हातभर अंतरावर असतं, सगळं काही पुसलं जात नाही. आवाज आला की आपोआप चालू होणारा संच तर कटरच्या घरघरीनंच चालू होतो आणि मामांच्या कानात घरघर भरतो. त्यामुळं बोलण्याआधी ट्रिगर सोडायचा, ही सवय लावावी लागली. ती नुसत्या हाकेच्या काळातच लागायला हवी होती, असं माझं मत.

जुने संच विटा हातोहात देणाऱ्या रांगेसारखे चालतात. मधला बाजूला झाला की पुढं वीट जात नाही. नव्या मेश पद्धतीत प्रत्येक संच आवाक्यातल्या बाकीच्यांशी थेट जोडलेला राहतो, एकाची बॅटरी गेली तरी इतरांचं चालू राहतं. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी ओल्या पाल्यात नि जाड खोडात मुरतात, पण झाडाच्या बुंध्यापासून शेंड्यापर्यंतचं अंतर ते केवढं! तेवढ्यात अडचण आली नाही.

खरी तक्रार मामांची. कापताना लाकूड आतून करकरतं, ते ऐकून ते मागं सरतात. मफात ती करकर मंदावते. दुसरं म्हणजे बिबट्या. आमचा शिरूर तालुका बिबट्यांच्या जुन्नर वनविभागात येतो, आणि उसाच्या कडेला कान झाकून पाठमोरं उभं राहणं इथं कोणालाच मानवत नाही. बाहेरचा हलका आवाज आत सोडून मोठा तेवढा अडवणारे मफ मिळतात, पण महाग. तोवर उसाकडेला काम असलं की एक माणूस उघड्या कानांनी बांधावर बसतो.

तारांजवळ तर मी यंत्राचा भरवसा धरूच देत नाही. आमच्याकडं शेतीची लाइट पाळीनं येते-जाते. तार शांत दिसली म्हणून मेली असं नाही. वायरमननं लाइन बंद करून, अर्थिंग लावून, समोर उभं राहून सांगावं, मगच कटर सुरू. कानात आलेलं "बंद आहे" तिथं चालत नाही.

अमेरिकेत झाडकामाचं झेड-१३३ नावाचं मानक आहे. वरच्यानं हाळी द्यायची, खालच्यानं उत्तर द्यायचं, उत्तर आल्याशिवाय काही सोडायचं नाही, असं त्यात लिहिलंय. संच असो वा नसो, आम्ही तेवढं उचललं. "सोडू का?" विचारलं की मामा नुसतं "हां" म्हणत नाहीत, "सोड, खाली मोकळं" असं पूर्ण म्हणतात. काही आलं नाही तर फांदी तशीच लटकत राहते, मालकाचा कितीही खोळंबा होवो.

मालकांचं सांगायचं राहिलं. झाड त्यांचं, त्यामुळं खाली उभं राहून "ती पण घ्या की!" म्हणण्याचा हक्क त्यांना वाटतो. हेल्मेट पाहून एकानं विचारलं, "एखादा जादा आहे का, मलाही बोलता येईल?" जादा होता. मी गाडीत ठेवून दिला. मालकानं मामांना सांगायचं, वर बोलतील ते मामाच.