पायरीचे माप

भाद्रपद शुद्ध चतुर्थी समीप आली की सांगलीच्या गणपती मंदिरापासून वाईच्या ढोल्या गणपतीपर्यंत कृष्णाकाठची देवस्थाने उत्सवाच्या सिद्धतेस लागतात. कमानी उभ्या राहतात, मखरे सजतात, शिध्याचा हिशेब होतो. एक माप मात्र सहसा कोणी घेत नाही. रस्त्यापासून देवापर्यंत पायऱ्या किती, प्रत्येकीची उंची किती, आणि ज्याचे गुडघे थकले, ज्याच्या बगलेत कुबडी आहे, जो चाकाच्या खुर्चीवर बसतो, तो भक्त तेथवर पोहोचतो कसा?

वस्तुतः आपले मंदिरशास्त्र हे मापाचेच शास्त्र. 'मानसार' या शिल्पग्रंथाच्या नावातच 'मान' आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेत प्रासादाचे प्रमाण सांगितले आहे. रुंदीच्या निम्मा गाभारा, गाभाऱ्याच्या चतुर्थांश दार, आणि दाराची उंची त्या रुंदीच्या दुप्पट. म्हणजे चोवीस फूट रुंद देवालयास बारा फुटांचा गाभारा आणि तीन फुटांचे दार. आज वास्तुतज्ज्ञ चाकाच्या खुर्चीसाठी दारात ९० सेंटिमीटर मोकळी जागा मागतात. ती जवळजवळ तीन फूटच भरते! लहान देवळांची दारे अर्थातच अरुंद असतात. पण दर्शन सभामंडपातूनही घडते, तेव्हा अडचण गाभाऱ्याच्या दाराची नव्हे, त्याआधीच्या पायऱ्यांची आणि उंबऱ्याची आहे.

पूर्वजांना त्यासाठी दोष देणे योग्य नव्हे. काठावरच्या देवळांची जोती उंच आहेत ती पुराच्या भयाने. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये वाईचे मंदिर बांधविले, तेव्हा त्याची पाठीमागची भिंत मत्स्याकार केली, जेणेकरून कृष्णेचा लोंढा दुभंगून बाजूने जावा. ज्यांनी नदीच्या स्वभावाचे माप घेतले, त्यांच्या वंशजांना थकलेल्या पावलाचे माप घेणे अवघड का वाटावे?

कीर्तनास उभा राहणारा माणूस समोर कोण बसले आहे हे पाहतो, तसे कोण आले नाही हेही त्याला कळते. वर्षानुवर्षे पुढच्या रांगेत बसून टाळी धरणारी मंडळी एके वर्षी पायरीखाली थांबतात, पुढच्या वर्षी तेथेही दिसत नाहीत. आपण त्यांना सांगतो, कळसाचे दर्शन घ्या, पुण्य तेच. श्रद्धा म्हणून ते खरे आहे. विश्वस्तांनी मात्र त्याचा आडोसा घेऊ नये. चोखोबांना पंढरीत पायरीपाशी थांबावे लागले ते जातीमुळे. तो अडसर दूर व्हावा म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केले आणि विठ्ठलाचे दार हरिजनांना खुले झाले. आज दार उघडे आहे, पण पायरी तेथेच आहे.

मापाच्या अभावी काय घडते हे सातारा जिल्ह्याने भोगले आहे. २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेस, मांढरदेवीच्या काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक भाविक प्राणास मुकले. चढ तीव्र, वाट अरुंद, आणि नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झालेल्या. ते तर धडधाकट पायांचे यात्रेकरू होते.

उपाय खर्चिकच असतो असे नाही. उताराचा नियम एकास बारा. सहा इंचांच्या पायरीसाठी सहा फुटांची फळी, दोन फुटांच्या जोत्यासाठी चोवीस फुटांचा उतार. जागा नसेल तर तो वळवून, मध्ये विसाव्यास सपाट टप्पा ठेवून न्यावा. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंस हाताला लागेल असा कठडा, पृष्ठभाग खरखरीत. पुरातन शिळेला हात न लावता लाकडी, हलविता येईल असा उतार करता येतो. राज्य वा केंद्राने संरक्षित केलेल्या वास्तूंत तर पुरातत्त्व खात्याची अनुज्ञा हवीच. चाके रस्त्यावरून येतात, त्यांचे सोवळे कसे, असे कोणी विचारतात. देवस्थानाने आपली एक स्वच्छ खुर्ची महाद्वाराच्या आत ठेवावी, प्रश्न मिटला. सज्जनगडासारख्या ठिकाणी, जेथे मोटार बरीच वर जाऊनही शेवटचा चढ पायऱ्यांचाच आहे, तेथे फळीने भागणार नाही, हेही मान्य केले पाहिजे.

हा केवळ दयेचा विषय राहिलेला नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक इमारतींच्या व्याख्येत धार्मिक कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वास्तूही घेतल्या आहेत. सुगमतेचे किमान नियम ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारला दिला.

पुराणांत याला उत्तम आधार आहे. विनतेने अंडे अकाली फोडले म्हणून तिचा पुत्र अरुण अर्धाच घडला. संस्कृतात त्याला अनूरु, म्हणजे मांड्या नसलेला, असे म्हणतात. त्याला कोणी घरी बसविले नाही. सूर्याच्या रथावर पुढे त्याची बैठक आहे, आणि उगवत्या दिवसाचे पहिले दर्शन त्याचेच.

मंदिराच्या जोत्याला वेळ लागेल. गल्लीतील मंडपाला लागत नाही. मंडपवाले फळ्या ठोकण्यास येतील, त्याच दिवशी मंडळाच्या एका कार्यकर्त्याने मोजपट्टी घेऊन उंबऱ्यापाशी बसावे, आणि आळीतील कोण गेल्या वर्षी आरतीला आले नाही, ते त्यांच्या घरी जाऊन विचारावे.