आंबोली-चंदगड-तिळारीची सायकलफेरी : थोडा हिशेब, थोडा अनुभव

कोजागिरीच्या कार्यक्रमात दोन-तीन सभासदांनी विचारलं, "बसेस आहेत, गाड्या आहेत, मग या वयात सायकलने आंबोली कशाला?" एकाने तर सौ.ना बाजूला घेऊन माझी तब्येत बरी आहे ना, याची चौकशी केली. म्हणून हे लिहितो आहे. शिवाय आपल्या काही सभासदांची मुलं आता या नादाला लागली आहेत. घरच्यांना त्यातलं गणित कळलेलं बरं.

फेरी अशी. पेडण्याहून पत्रादेवी, बांदा, सावंतवाडी, मग दाणोलीवरून आंबोली घाट. वर चंदगड, तिथून तिलारीनगर, तिळारीचा घाट उतरून दोडामार्ग आणि हणखणे-इब्रामपूर-चांदेलवरून परत घरी. आमच्या मीटरवर 170 किलोमीटरच्या आसपास. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटरवर आणि आपण जवळजवळ समुद्राच्या पातळीवर, म्हणजे ती सगळी उंची स्वतःच्या पायांनी चढायची. गंमत म्हणजे शेवटी जी तिळारी नदी सोबत करते, तीच पुढे कोलवाळला आपली शापोरा होते.

ही फेरी कुठल्या संस्थेची नाही, पण मोजमाप आम्ही 'ब्रेव्हे'चं घेतो. फ्रान्समधून आलेला हा प्रकार. भारतात तो ऑडॅक्स इंडिया रँदोनर्स चालवते. 200, 300, 400 आणि 600 किलोमीटरच्या फेऱ्या असतात. एकाच हंगामात चारही पुऱ्या करणाऱ्याला 'सुपर रँदोनर' म्हणतात. यात पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत पोचलात तर पास. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर नोंद करायची, रात्री दिवा आणि चकाकणारं जाकीट सक्तीचं, पंक्चर आपलं आपण काढायचं.

वेळेचा नियम साधा आहे : ताशी सरासरी 15 किलोमीटर, त्यात चहा, जेवण, झोप सगळं आलं. 200 ला 15 ने भागलं की 13 तास 20 मिनिटं येतात. नियमात 13 तास 30 मिनिटं दिली आहेत. 600 ला 40 तास. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही 1891 साली सुरू झालेली जुनी फेरी सुमारे 1200 किलोमीटरची, तिला 90 तास.

ताशी 15 ऐकायला काहीच वाटत नाही. आपला पोदेर पावाची टोपली मागे बांधून तेवढ्या वेगाने जात असेल. पण बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला यातली मेख लवकर कळायला हवी होती, ती कळली नाही. सावंतवाडी ते आंबोली 30 किलोमीटर. ताशी 15 ने दोन तास मिळतात. माझा चढावरचा सरासरी वेग 9, म्हणजे लागतात तीन तास वीस मिनिटं. ऐंशी मिनिटांची तूट. आता ती भरायची कशी? ताशी 20 ने गेलं तर दर किलोमीटरला एकच मिनिट वाचतं. म्हणजे ऐंशी मिनिटांसाठी 80 किलोमीटर न थांबता, न दमता. अर्धा तास भजी खाल्ली तर ती फेडायला 30 किलोमीटर! कर्जावरचं व्याज परवडलं.

पहिल्या वेळी नेमकं हेच झालं. निघायलाच साडेसहा वाजले. सावंतवाडीला मोती तलावाकाठी पाऊण तास गप्पा, आंबोलीत बसून जेवण. चंदगडला पोचलो तेव्हा पावणेचार. डिसेंबरचा दिवस. तिळारीचा उतार फार तीव्र आणि वळणांचा, आणि त्याखालच्या दोडामार्गच्या पट्ट्यात गेली वीसेक वर्षं रानटी हत्तींचा वावर. अंधारात तिथून जायचं की नाही यावर मुलाचं आणि माझं चांगलंच वाजलं. मी 'जाऊया' म्हणत होतो. तो म्हणाला, "बाबा, आईला उत्तर तुम्ही देणार का?" सायकली टेम्पोत टाकून आलो. आठ दिवस मी त्याच्याशी नीट बोललो नाही. तो बरोबर होता, हे त्याला अजून सांगितलेलं नाही. इथे वाचेल.

दुसऱ्या वेळी पहाटे साडेचारला निघालो. हॉटेलं टाळली. थर्मासमध्ये उकड्या तांदळाची पेज आणि मिठातली तोरं. घामातून मीठ जातं, नुसतं पाणी पीत राहिलं तर ते भरून येत नाही. आपल्या आजीने शेतावरच्या माणसांना जे दिलं तेच इथे चालतं. चढासाठी पुढची चकती लहान आणि मागची मोठी हवी, दोन्हींचे दात जवळपास सारखे, मग गुडघे ओरडत नाहीत. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नये, तापतो. वळणाआधी दाबावा, मग सोडावा, मधे थांबून हात मोकळे करावेत. खरी भीती चढाची नाही, उताराची. चढावर माणूस फार तर थांबतो.

सव्वासहाला पेडण्यात पोचलो. पावणेचौदा तास. 170 किलोमीटरला ब्रेव्हेच्या मापाने 11 तास 20 मिनिटं मिळतात, म्हणजे जवळजवळ अडीच तासांनी नापास. सौ.नी दारातच विचारलं, "झालं समाधान?"

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने 2018 मध्ये 159 दिवसांत सायकलवरून जगाला फेरी मारली. तिच्यापुढे आमचं हे अंगणातलं खेळणं. पण ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी थेट आंबोलीला जाऊ नये. चांदेल, इब्रामपूर, दोडामार्ग, डिचोली, म्हापसा, कोलवाळ, पेडणे अशी धाकटी फेरी आहे, घाट नाही, चढउतार भरपूर. साठी उलटलेल्यांनी आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी, मीही केली. हायवेवर मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. पावसात आंबोलीला सायकल घेऊन जाऊ नये, धुक्यात ट्रकवाल्याला आपण दिसतच नाही.

धाकट्या फेरीला कोणी येणार असेल तर सांगावं. पहाटे पाचला निघतो. साडेपाच म्हणजे साडेपाच किलोमीटर नव्हे, तीस किलोमीटरची उधारी, एवढं लक्षात ठेवून यावं.