फॉरमॅट मारण्याआधी

सोयाबीनच्या हंगामात कारंजा लाडच्या बाजार समितीत गाड्यांची रांग लागते, तेव्हा अडत्याच्या ऑफिसातला कॉम्प्युटर बंद पडून चालत नाही. वजनकाट्याचा आकडा एका केबलमधून त्याच्यावर येतो आणि काट्याची चिठ्ठी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघते. मशीन हळू झालं की कुणीतरी हमखास म्हणतं, 'फॉरमॅट मारून टाका.' थोड्या वेळात विंडोज नवीकोरी होते, स्क्रीन लख्ख दिसते. काट्याचा आकडा तेवढा येत नाही.

हिशेब, बिलं, फोटो यांचा बॅकअप बहुतेक जण घेतात. ड्रायव्हर कुणाच्या ध्यानात राहत नाही, कारण तो चालू असेपर्यंत दिसतच नाही. विंडोजचा हुकूम एखाद्या विशिष्ट यंत्राला कळेल अशा सूचनांत बदलून देणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. एचपीचा लेझरजेट 1020 घ्या. हा प्रिंटर आपलं फर्मवेअरसुद्धा स्वतःजवळ ठेवत नाही. चालू केला की दर वेळी कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर ते त्याला पाठवतो. ड्रायव्हर गेला की प्रिंटर नुसता दिवा लावून बसतो.

'त्यात काय, नेटवरून उतरवू' हे उत्तर अर्धंच खरं आहे. फॉरमॅटनंतर कधीकधी वायफायचाच ड्रायव्हर नसतो, मग नेट यायचं कुठून? त्यावर तोडगा आहे: अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केलं की बहुधा काम भागतं. खरी अडचण वेगळी आहे. नेटवर मिळतो तो नवा ड्रायव्हर, आणि जुन्या यंत्राला तो चालेलच असं नाही.

वजनकाट्याचंच बघा. काट्याला जुन्या पद्धतीचा सीरियल पोर्ट असतो, आजच्या बहुतेक कॉम्प्युटरांना तो नसतो. म्हणून मध्ये यूएसबीची केबल लावतात. स्वस्त केबलींत बऱ्याचदा प्रोलिफिक कंपनीची पीएल 2303 ही चिप असते, किंवा तिची नक्कल. नकली मालाला कंटाळून कंपनीने नव्या ड्रायव्हरमध्ये अशा चिपा ओळखून अडवायला सुरुवात केली. त्या तडाख्यात तिच्या स्वतःच्या जुन्या, बंद केलेल्या चिपाही सापडल्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि 'कोड 10' दिसतो. काल चालणारी केबल आज मेली असं वाटतं. प्रत्यक्षात केबल तीच असते, बदललेला असतो तो ड्रायव्हर. एफटीडीआय या दुसऱ्या कंपनीने तर ऑक्टोबर 2014 मध्ये कहर केला. विंडोज अपडेटमधून आलेला तिचा ड्रायव्हर नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकत होता. बोंबाबोंब झाल्यावर तो मागे घेतला गेला. नक्कल करणाऱ्याचं यात काय गेलं कोण जाणे. भुर्दंड पडला तो केबल विकत घेणाऱ्याला.

म्हणून आपल्या मशीनवर आज चालतोय तो ड्रायव्हर, आहे तसा, उतरवून ठेवावा. जुन्या प्रतींची किंमत कारंजाला नव्याने सांगायला नको. इथल्या जैन ग्रंथभांडारांतल्या हस्तलिखितांमुळे पुष्पदंत या कवीची अपभ्रंश काव्यं 1930 च्या दशकात छापून आली.

ड्रायव्हर असा उतरवून ठेवायला एक रुपयाही लागत नाही. विंडोज 10 आणि 11 मध्ये सोय आतच आहे. आधी पेनड्राइव्हवर 'ड्रायव्हर्स' नावाचं रिकामं फोल्डर इंग्रजीत करून ठेवा. कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. मग फोनवर एकमेकांना सांगतात तसं सांगायचं तर: पीएनपीयूटिल, स्पेस, स्लॅश एक्स्पोर्ट हायफन ड्रायव्हर, स्पेस, स्टार, स्पेस, आणि त्या फोल्डरचा पत्ता. एंटर. बाहेरच्या कंपन्यांचे सगळे ड्रायव्हर फोल्डरात येतात. विंडोजचे स्वतःचे येत नाहीत, त्यांची गरजही नसते. परत घालताना डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या यंत्रावर राइट क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', आणि ते फोल्डर दाखवायचं. सी ड्राइव्हवर बॅकअप ठेवणारे महाभागही आहेत. फॉरमॅटमध्ये तोच ड्राइव्ह पुसला जातो.

विंडोज 7 वर अजून काम चालत असेल तर 'डबल ड्रायव्हर' हा जुना, फुकट आणि इन्स्टॉल न करता चालणारा प्रोग्राम पुरतो. 'स्नॅपी ड्रायव्हर इन्स्टॉलर ओरिजिन' हा मुक्त सोर्सचा आहे; त्याचा पूर्ण संच कित्येक जीबींचा असला तरी नेटशिवाय चालतो, त्यामुळे दुरुस्तीच्या दुकानात तो असावाच. 'तुमचे 27 ड्रायव्हर जुने झाले आहेत' असं लाल अक्षरांत ओरडणारे प्रोग्राम मात्र लांबच ठेवा. जुने आहेत म्हणून तर काटा चालतोय.

ड्रायव्हरसोबत सगळंच येतं असं नाही. सेवा केंद्रातल्या अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर येईल, पण आधारसाठी लागणारी आरडी सर्व्हिस हा स्वतंत्र प्रोग्राम आहे, तो वेगळा टाकावा लागतो. लग्नपत्रिका करणाऱ्यांच्या डीटीपी सॉफ्टवेअरला डोंगल असेल तर त्याचं लायसन्सही वेगळंच. आणि 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपल्यामुळे जे आता 11 कडे वळताहेत, त्यांनी आधी 'सिस्टिम टाइप' पाहावा. 64 बिटचे ड्रायव्हर बहुतेक वेळा 11 वर चालतात. 11 ला 32 बिटची आवृत्तीच नाही, त्यामुळे 32 बिटच्या विंडोजवरचे ड्रायव्हर कितीही जपले तरी उपयोगाचे नाहीत. अशा वेळी काट्यासाठी अस्सल चिपची नवी केबल घेणंच बरं.