साठावा श्वास

बाळाचे झबले वर सरकवायचे आणि नुसते पोटाकडे बघत राहायचे. पोट वर आले, खाली गेले: एक श्वास. दोन महिन्यांच्या आतले बाळ शांत असूनही मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. फुप्फुसातल्या इवल्या पिशव्यांत पाणी, पू साचला की फुप्फुस ताठरते, एका श्वासात पुरेशी हवा मावत नाही, मग बाळ भराभर उथळ श्वास घेऊ लागते. छातीतला आजार असा पोटावर दिसतो!

हे इतके साधे कोडे सुटले पापुआ न्यू गिनीच्या डोंगरांत. तिथल्या गोरोका गावी फ्रँक शान हे बालरोगतज्ज्ञ काम करत. खोकणाऱ्या मुलाचा श्वास किती वेगाने चालतो, यावरूनच औषध कुणाला द्यायचे ते ठरवता येते, असे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये मांडले. एक्स-रे नसलेल्या जगासाठी केवढी मोठी गोष्ट होती ती.

आता गडचिरोली. गोंड-माडियांचा हा जिल्हा. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 1986 च्या सुमारास इथे 'सर्च' या संस्थेचे काम सुरू केले. पावसात वाटा तुटतात, म्हणजे गावातल्या बाळाला वाचवायचे तर वाचवणारे माणूस गावातच हवे. ते होतेच की: दाई! अडचण एकच, साठपर्यंत मोजणे अनेकींना जमत नसे.

बंग दांपत्याने मग शिकवण्याऐवजी मोजणेच बदलले. एका पाटीवर एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर बोट आले, की न्यूमोनिया. तान्ह्यासाठी तो मणी सहावा, मोठ्या बाळासाठी पाचवा. सुइणीची बोटे आणि वैद्यकशास्त्र यांच्यामधले अंतर एका मण्याएवढे उरले. मला तरी यासारखे सुंदर उपकरण दुसरे आठवत नाही.

पुढचे पाऊल जास्त धाडसाचे होते. 39 गावांतल्या आरोग्यदूत बायका नवजात बाळांची घरीच देखभाल करू लागल्या, जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिनचे इंजेक्शनही देऊ लागल्या. बाई इंजेक्शन देणार म्हटल्यावर वाद होणारच. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजातांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. डॉक्टर, प्रशिक्षक, आरोग्यदूत, दाई, आई अशी ही साखळी. रस्ता बंद झाला तरी तिची शेवटची कडी बाळाशेजारीच बसलेली असते. तिची ताकद तिथे आहे.

याच धर्तीवर 2011 पासून देशभरातल्या 'आशा' आरोग्यसेविकांच्या कामात नवजाताच्या घरभेटी आल्या: तिसरा दिवस, सातवा, चौदावा, असे बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. पुढे शहरी वस्त्यांतही आशा आल्या.

म्हणून सुरतेत, तापीपलीकडच्या कोसाडमधल्या एखाद्या खोलीत, खानदेशातून कामाला आलेल्या कुटुंबाच्या दारी आशाताई आली, की तिच्यासोबत गोरोकाचे डोंगर आणि गडचिरोलीचे मणीही आत येतात. बाळ रडत असेल तर ती थांबते, कारण रडताना श्वास वाढतो. आईला म्हणते, "घ्या जवळ, पाजा आधी." पोट भरते, बाळ निवते. मग ती झबले वर सरकवते. आकडा साठावर पोचला, तर पुन्हा एकदा, अख्खे मिनिट, पहिल्यापासून मोजते.