दहा हजार वेळा फासा टाकून बघा

एक फासा चार वेळा टाकायचा. एकदा तरी सहा पडला की तुम्ही जिंकलात. ही पैज घ्यावी का?

सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये शव्हालिए द मेरे हा जुगाराचा शौकीन याच प्रश्नात गुंतला होता. एका फाशाला ६ बाजू आणि पैज ४ फेकींची. दोन फाशांच्या जोड्या ३६, मग सहा-सहाच्या जोडीसाठी त्याच प्रमाणात २४ फेकी पुरायला हव्यात, असा त्याचा हिशेब. तो जमेना. २९ जुलै १६५४ रोजी गणितज्ञ पास्कालने फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात या कोड्याचा उल्लेख आहे.

आपण ते एक्सेलमध्ये खेळून बघू. पहिल्या चार रकान्यांत ‘रँडबिट्वीन’ हे सूत्र १ आणि ६ या मर्यादा देऊन लिहा. या झाल्या चार फेकी. पाचव्या रकान्यात ‘काउंटइफ’ने सहा किती वेळा आला ते मोजा, एकदा जरी आला असेल तर १, नाहीतर ०. एक ओळ म्हणजे एक डाव. सूत्रं शंभर ओळींपर्यंत खाली ओढा आणि पाचव्या रकान्याची सरासरी काढा.

आता एफ-नाइनची कळ दाबत राहा. दर वेळी नवे शंभर डाव पडतात. सरासरी कधी ०.४६, कधी ०.५७, मग ०.५१. रकान्यात पाच-सहा शून्यं ओळीने आलेली दिसतील. मुलं इथे हमखास म्हणतात, सूत्र चुकलं. चुकलेलं नसतं, नशिबाचा खेळ जवळून असाच दिसतो, आणि हे डोळ्यांनी बघणं मला फार मोलाचं वाटतं.

ओळी दहा हजार करा. आकडा ०.५२च्या आसपास स्थिरावतो. आता गणित बघा: चारही वेळा सहा न येण्याची शक्यता ५/६ चार वेळा गुणून, म्हणजे ६२५/१२९६. उरले ६७१/१२९६, म्हणजे ५१.८ टक्के. पैज घ्यावी.

शंभर डावांत उत्तर सहज पाच टक्के इकडेतिकडे होतं, दहा हजारांत अर्धा टक्का. चूक निम्मी करायची तर डाव चौपट लागतात. निवडणुकीच्या चाचणीतला नमुना किती मोठा हवा, हा प्रश्नही याच जातीचा.

दुसऱ्या पैजेसाठी २४ रकाने घ्या आणि १ ते ३६ मधला आकडा काढा; सगळ्या जोड्या सारख्याच शक्यतेच्या असल्याने ३६ला सहा-सहा मानलं तरी चालतं. इथे जिंकण्याची शक्यता ४९.१ टक्के. पन्नासपासूनचं अंतर इतकं थोडं, की दहा हजार डावांनंतरही वीस-पंचवीस वेळांतून एखाद वेळी शीट पन्नासच्या वरचा आकडा दाखवेल. लाखभर डाव केलेत तर संगणक जरा वेळ घेईल, पण शंका उरणार नाही.

मुलांबरोबर हे करणार असाल तर एक विनंती: सूत्र ओढण्याआधी प्रत्येकाला आपला अंदाज कागदावर लिहायला सांगा.